मद्यपीच्या घरच्यांची सभा

मद्य एकजण पितो. भोगतें सारें घर. १९३५ सालीं अमेरिकेंत मद्यपींचा ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ हा संघ निघाला. पती सभेस बसत, तेव्हां पत्नीही एकत्र जमूं लागल्या. त्यांतूनच १९५१ सालीं लोइस विल्सन यांच्या पुढाकारानें ‘अल-ॲनॉन’ ही घरच्यांची संघटना उभी राहिली.

आपल्या प्रांतीं १९८१ सालीं वांद्र्यास फादर ज्यो परेरा यांनीं ‘कृपा’, व १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें ‘मुक्तांगण’ स्थापिलें. मुक्तांगणांत व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ गट चालूं झाला. साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोलकरांचें ‘परिवर्तन’ आलें. पुणें व सातारा यांमधील वाटेवर आपलें खंडाळा आहे.

पतीचें व्यसन आपल्यामुळें लागलें नाहीं, हें अशा सभेंत बसलेल्या स्त्रीस प्रथम उमगतें. मग लपवालपवी सुटते, व पती सुधारो वा न सुधारो, तिला व तिच्या लेंकरांना धीर येतो.