नळदुर्गचा पाणीमहाल

बोरी नदीच्या पात्रात भक्कम बंधारा घालून त्याच्या पोटातच महाल उभारावा, आणि पावसाळ्यात नर व मादी या दोन सांडव्यांवरून कोसळणारा प्रपात आतल्या कोरड्या दालनात बसून न्याहाळावा, ही अपूर्व कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत नळदुर्गी साकार झाली. पुढे हा मुलूख निजामाच्या अमलात गेला. १८५३ च्या तहनाम्याने तो इंग्रजांकडे आला, तेव्हा जिल्ह्याचा कारभार पाहणारे कॅप्टन मेडोज टेलर येथेच राहिले, आणि १८६० मध्ये तो पुन्हा निजामाच्या हवाली झाला.

हा इतिहास मनात बाळगून मी ऐन श्रावणात तेथे गेलो. परंतु तिकिटांची रांग, नौकाविहाराचा पुकारा, भज्यांच्या कढया आणि कर्ण्यावरील चित्रपटगीते यांच्या गदारोळात प्रपाताचा घोष लोपला होता, आणि महालाच्या अरुंद जिन्यात छायाचित्रांसाठी ताटकळलेल्या गर्दीपैकी कोणाचीही दृष्टी फारसी शिलालेखाकडे वळत नव्हती. मन विषण्ण झाले.

वास्तूच्या डागडुजीस द्रव्य लागते, हे निर्विवाद. तथापि जलव्यवस्थापन व स्थापत्य यांचा असा संगम जेथे नांदतो, तेथे प्रेक्षकाने मोजलेल्या पैशाचा पहिला विनियोग तो संगम त्याला समजावून देण्याकडेच झाला पाहिजे.