होडी, भाड्याची व विनापरवाना (उजनी जलाशय, करमाळा तालुका)

सुटीच्या दिवशी, नौकाचालनाचा परवाना किंवा शिक्षण नसलेल्या व्यक्तीने काही तासांसाठी भाड्याने घेऊन स्वतः चालविलेली लहान होडी. युरोपातील कालवे, सरोवरे आणि बेटांच्या किनाऱ्यांवर हा जुना, स्थिरावलेला व्यवसाय आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वपरिचित रूप म्हणजे पॅडल बोट. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव किंवा ठाण्याचा मासुंदा तलाव येथे कुटुंबे तिकीट काढून स्वतः पायडल मारतात. करमाळा तालुक्यात मोटारीची होडी पर्यटकाच्या हाती सोपविण्याची पद्धत रूढ नाही. येथे होडी भाड्याने मिळते ती नावाड्यासह, आणि ती मुळात मासेमारीची किंवा पैलतीरी जाण्याची असते. तरीही परवाना, जबाबदारी आणि पाण्याचे ज्ञान हे तीनही प्रश्न येथे तितक्याच तीव्रतेने उभे राहतात. म्हणून या नोंदीत उजनी जलाशयाचा विचार मुख्यतः केला आहे.

संज्ञा. वल्ह्याने चालणारी ती ‘होडी’ किंवा ‘नाव’, इंजिनाची ती ‘लाँच’ किंवा ‘बोट’, चालविणारा तो ‘नावाडी’. जलाशयाच्या मागच्या बाजूला पसरलेल्या पाण्याला ‘फुगवटा’ म्हणतात. बोलताना ‘बॅकवॉटर’ हा शब्दही सर्रास येतो. महसूल खात्याच्या कागदांत आणि स्थानिक बातम्यांत मात्र ‘बोट’ हा शब्द बहुधा वाळूउपशाच्या संदर्भात आढळतो. बेकायदा उपसा करणाऱ्या यांत्रिक बोटी पकडून पथकांनी त्या जिलेटिनच्या स्फोटाने नष्ट केल्याच्या नोंदी वर्षानुवर्षे सापडतात. माणसे वाहणाऱ्या होडीविषयीचे लेखन त्यामानाने तुटपुंजे असून ते बहुतेक अपघातानंतरचे आहे.

जलाशय. भीमा नदीवर माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ बांधलेल्या धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. नदी वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. त्यामुळे फुगवट्याच्या डाव्या तीरावर करमाळा तालुका येतो, तर उजव्या तीरावर पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका. वरच्या टोकाला दौंड आणि कर्जत तालुक्यांच्या सीमा भिडतात. करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, कुगाव, चिखलठाण, दहिगाव, वांगी, कंदर ही गावे पाण्यालगत आहेत.

धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यांपैकी उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, मृत साठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात मोडते. वर्तमानपत्रांत रोज छापली जाणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरण शून्य टक्क्यांवर आले तरी खाली ६३ टीएमसीहून अधिक पाणी असते. त्याखाली उतरले की लोक ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे म्हणतात. वजा ५० टक्के या आकड्याचा अर्थ सुमारे ३७ टीएमसी पाणी शिल्लक आहे असा होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुष्काळाचा आकडा असला तरी होडीत बसणाऱ्याला बुडवायला ते पाणी पुरेसे आहे. ‘धरण आटले आहे, आता भीती नाही’ ही समजूत या जलाशयाबाबत सर्वांत घातक ठरते.

पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मी., तर मृत संचय पातळी ४९१.०३ मी. आहे. फरक सहा मीटरांहूनही कमी. मात्र भीमेचे खोरे येथे पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ खूप दूर सरकतो. ऑक्टोबरमध्ये जेथे होडी लागते तेथे एप्रिलमध्ये गाळपेर पीक उभे असते. उतरत्या पाण्यामागे शेतकरी चाऱ्या खोदतात, विद्युतपंप पुढे नेतात, पाइप आणि केबल पाण्यात सोडतात. या केबली, मच्छीमारांची जाळी आणि काही भागांतील जलपर्णी पंख्यात अडकली की इंजिन बंद पडते. बंद पडलेली होडी वाऱ्याला आडवी होते, आणि लाट बाजूने घेणारी होडी उलटायला वेळ लागत नाही.

पाण्याखाली जुना मुलूखही आहे. धरणासाठी पन्नासहून अधिक गावे उठविली गेली. त्यांचे ओटे, विहिरी, देवळे, बांध तळाशी आहेत. पलीकडच्या तीरावरील पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाणी ओसरल्यावर बाहेर येते आणि तेव्हा ते पाहायला गर्दी होते. मुंबई–सोलापूर लोहमार्गाचा जुना भागही फुगवट्यामुळे सोडून द्यावा लागला, आणि डिकसळ येथील इंग्रजकालीन रेल्वेपूल नंतर रस्त्यासाठी वापरला गेला. यांपैकी काय, कोठे आणि कोणत्या पातळीला होडीच्या तळाला लागेल हे स्थानिक मच्छीमाराला ठाऊक असते. ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. या जलाशयात परवान्याहून मोठी पात्रता ही स्मरणाची आहे, आणि होडी नवख्याच्या हाती देताना ते स्मरण काठावरच राहते.

वारा. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. फुगवटा कित्येक किलोमीटर आडोशाविना पसरला आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेल्या हवेत दुपारनंतर ढग चढतात आणि वळवाच्या पावसाआधी वावटळीसारखा वारा सुटतो. सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी काही मिनिटांत खवळते. नेमका हाच काळ शाळांच्या सुट्यांचा, लग्नसराईचा आणि यात्रांचा असतो.

होडीची गरज व पर्यटन. कुगावहून समोरच्या तीरावरील कळाशी दिसते. रस्त्याने मात्र फुगवट्याला मोठा वळसा पडतो. त्यामुळे शेतकरी, विद्यार्थी, पाहुणेरावळे लाँचने पलीकडे जात आले; दुचाकीही लाँचवर चढविली जाते. जलाशयावरील मासेमारी मुख्यतः भोई व कोळी समाजांच्या हातात आहे. कटला, रोहू, मरळ यांबरोबर बाहेरून आलेला तिलापिया येथे ‘चिलापी’ या नावाने घरोघरी ओळखला जातो. हिवाळ्यात रोहित (अग्निपंख) पक्ष्यांचे थवे येतात. पक्षिदर्शनासाठी कुंभारगाव-भिगवण ही इंदापूर बाजू अधिक प्रसिद्ध आहे. करमाळ्याच्या तीरावरही पक्षी येतात, पण पर्यटकांची वहिवाट कमी आहे. मच्छीमारच पक्ष्यांची माहिती देणारे वाटाडे झाले आणि त्यांच्या होड्या पर्यटकांसाठी भाड्याने मिळू लागल्या. करमाळ्यास कमलाभवानीच्या दर्शनाला आलेली मंडळीही पुढे पाणी पाहायला जातात.

भाडे. तासावर किंवा फेरीवर, बोलीने ठरते.

कायदा. १९१७ चा अंतर्देशीय जहाज कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जहाज अधिनियम केला. नदी, कालवा, सरोवर वा अन्य नौकायोग्य पाणी त्याच्या कक्षेत येते. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जहाजाची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालकवर्गाचे सक्षमता प्रमाणपत्र यांची तरतूद त्यात आहे. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे. अंमलबजावणी राज्य शासनाने करावयाची असते. ठरावीक अश्वशक्तीपर्यंत पर्यटकाला विनापरवाना मोकळीक देणारी युरोपीय धर्तीची भाडेपद्धत येथे रूढ झालेली नाही.

व्यवहारात एकाच पाण्यावर अनेक खात्यांचे हात आहेत. धरण आणि बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचे, मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय विभागाचे, वाळू व आपत्ती महसूल खात्याची, आणि जलाशयाच्या मधून जिल्ह्यांची सीमा जाते. मासेमारीचा परवाना हा प्रवासी वाहून नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, हा पर्यटकाने नावाड्याला विचारायचा पहिला प्रश्न आहे. नावाड्याला त्याचे उत्तर अभिमानाने देता यावे, अशी सोय करून देणे शासनाचे काम आहे. पाण्यात घर गमावलेल्या पिढीची मुले या होड्या चालवितात. त्यांना गुन्हेगार ठरवून काठ सुरक्षित होणार नाही. प्रशिक्षण, तपासणी आणि विमा त्यांच्या दारापर्यंत नेल्यानेच तो सुरक्षित होईल.

परदेशांतील पद्धत. ‘विनापरवाना’ या शब्दाने गैरसमज होतो. तेथे परवाना नको, पण अटी असतात. ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतची लहान होडी परवान्याविना भाड्याने मिळते. स्पेनमध्ये मर्यादा सुमारे १५ अश्वशक्ती व ५ मी. लांबी अशी आहे. जर्मनीने २०१२ मध्ये बहुतेक जलमार्गांवर १५ अश्वशक्तीपर्यंत सूट दिली. इटलीत किनाऱ्याजवळ सुमारे ४० अश्वशक्तीपर्यंत मुभा आहे. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात आणि फ्रान्सच्या कालव्यांवर होडी देण्यापूर्वी ती कशी चालवायची हे प्रत्यक्ष दाखविले जाते. सूट मिळते ती छोट्या इंजिनाला, ठरलेल्या पाण्याला आणि मोजून दिलेल्या वेळेला.

अपघात. (१) ३० एप्रिल २०१७, रविवार : अकलूज परिसरातील दहा डॉक्टर सुटीच्या दिवशी इंदापूर तालुक्यातील अजोती येथे जलाशयात होडीने गेले असता होडी उलटली. चौघांचा मृत्यू झाला, सहा जण वाचले. या नोंदीच्या विषयाशी सर्वांत जवळची घटना हीच आहे. होडीतील माणसे शिकलेली, जबाबदारीची होती. पाणी माणसाचे शिक्षण किंवा हुद्दा विचारत नाही.

(२) २१ मे २०२४ : कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी सायंकाळी वादळी वाऱ्यात बुडाली. होडीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. उरलेले सहा जण, त्यांत एका कुटुंबातील आई-वडील व दोन लहान मुले, मृत्यू पावले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला होडी सुमारे ३५ फूट खोल सापडली, आणि मृतदेह त्यानंतर मिळाले. त्या आठवड्यात उपयुक्त साठा वजा ५० टक्क्यांच्याही खाली होता. कुटुंब करमाळा तालुक्यातील होते. 

दोन्ही तारखा वळवाच्या हंगामातील आहेत. एका होडीत हौसेने आलेले लोक होते, दुसरीत नेहमीचे प्रवासी. कारणांच्या तपशिलात दोन्ही अपघात वेगळे, परंतु हंगाम आणि जलाशय तोच.

प्रशिक्षित माणसालाही पाणी सोडत नाही याचे उदाहरण कुगावच्या अपघाताच्याच आठवड्यातील आहे : अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना २३ मे २०२४ रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवानांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या बोटींत जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. हीच सक्ती धरणांच्या फुगवट्यांवरही तितक्याच काटेकोरपणे यायला हवी.

होडी घेताना. जॅकेट होडीत ठेवलेले नको, अंगावर बांधलेले हवे. लहान मुलांना त्यांच्या मापाचे. होडीत किती माणसे बसायची हे गटाने ठरवू नये, होडीच्या क्षमतेने ठरावे. छायाचित्रासाठी सगळे एका बाजूला सरकले की तोल जातो. तळाशी साचलेले पाणीही त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते, म्हणून ते सतत उपसावे. मागे बसविलेल्या मोटारीचे हँडल ज्या बाजूला ढकलावे, होडी त्याच्या उलट बाजूला वळते. नवखा माणूस गोंधळतो तो येथेच. इंजिन तात्काळ बंद करणारी दोरी असल्यास ती चालविणाऱ्याच्या मनगटाला अडकवावी. लाट आल्यावर होडीचे नाक लाटेकडे, किंचित तिरके धरावे. होडी उलटली तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्याहून दूर असतो, आणि पोहता येणाऱ्यालाही कपड्यांसह तो बहुधा गाठता येत नाही. दुपारनंतर आभाळ भरू लागले तर दिलेले भाडे सोडून द्यावे.

सद्यःस्थिती. कुगाव ते शिरसोडी (ता. इंदापूर) या पुलाची मागणी जुनी आहे. २०२४ च्या अपघाताने तिला निकड आली; पुलाला शासनाची मान्यता मिळाली आहे. उजनीवरील जलपर्यटनाचा विकासही शासनाच्या विचारात आला आहे. पूल वापरात आल्यावर शेतकरी आणि विद्यार्थी लाँचने जायचे थांबतील आणि नावाड्याकडे येणारे गिऱ्हाईक बहुतांशी पर्यटक असेल. रोजचा प्रवासी निदान पाणी आणि आभाळ ओळखून होता. पर्यटक प्रथमच होडीत पाय ठेवत असेल. म्हणून होड्यांची नोंद, नावाड्यांचे प्रशिक्षण आणि पातळीनुसार बदलणारे धोक्याच्या जागांचे नकाशे पुलाआधी तयार व्हायला हवेत.

पहा : उजनी धरण, गाळपेर, भिगवण, वळीव.