इलेक्ट्रिक व हायब्रिड वाहनांच्या अपघातांचा तपास

इलेक्ट्रिक व हायब्रिड वाहनांच्या अपघातांचा तपास म्हणजे विजेवर, अथवा वीज आणि इंधन या दोहोंवर चालणाऱ्या वाहनाच्या अपघाताचे कारण व जबाबदारी निश्चित करण्याची प्रक्रिया होय. अशा वाहनातील बॅटरी हा एकाच वेळी पुरावाही असतो आणि धोकाही. त्यामुळे हा तपास इंजिनाच्या वाहनांच्या तपासाहून वेगळा ठरतो.

घटनास्थळ

महाराष्ट्रात गुन्ह्याची नोंद व पंचनामा स्थानिक पोलीस करतात, तर वाहनाची तांत्रिक तपासणी परिवहन विभागाचा मोटार वाहन निरीक्षक करतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर चोपड्याजवळ अपघात झाला, तर वाहनाजवळ प्रथम पोहोचणारे चोपड्याचे पोलीसच असतात. बॅटरीचा जाणकार तेथे नंतर येतो. म्हणून वाहन ओळखणे ही पहिली पायरी होय. इलेक्ट्रिक वाहनांना २०१८ पासून हिरवी क्रमांकपट्टी आहे. हायब्रिड वाहनाची पट्टी मात्र नेहमीचीच असल्याने ते पटकन ओळखू येत नाही. त्याचे इंजिन शांत असले तरी वाहन बंद आहे असे गृहीत धरता येत नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ कि.मी.ची मर्यादा असलेल्या दुचाकींना नोंदणीच लागत नसल्याने त्यांचा माग काढणे आणखी कठीण जाते. मोटारींतील नारिंगी आवरणाच्या उच्चदाब तारा वीजपुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत हाताळू नयेत.

जप्त वाहनाची साठवण

दबलेल्या वा छेद गेलेल्या बॅटरीतील एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी बऱ्याच उशिराही सुरू होऊ शकते. अमेरिकेत २०११ मध्ये चाचणीसाठी धडकवलेली शेव्हरोले व्होल्ट तीन आठवड्यांनी पेटली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अपघातग्रस्त झालेल्या टेस्ला मोटारीची बॅटरी पाच दिवसांनी, वाहने ठेवण्याच्या आवारात, पुन्हा पेटली. अशा वाहनाभोवती सुमारे १५ मीटर मोकळी जागा ठेवावी, अशी तेथील शिफारस आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त वाहने एकमेकांना खेटून उभी करण्याची आपल्याकडील पद्धत याच्या नेमकी उलट आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार तपासणीसाठी नेलेले वाहन सोपस्कार पूर्ण झाल्यावर २४ तासांच्या आत मालकास परत द्यावे लागते. पेट्रोलच्या वाहनाचे ब्रेक व स्टिअरिंग तपासण्यास हा अवधी पुरतो. बॅटरी उघडून पाहण्यास तो पुरणे अवघड आहे.

पुराव्याचे स्वरूप

आग धडकेमुळे लागली की आगीमुळे धडक झाली, हा बहुधा कळीचा प्रश्न असतो. चालकाचा दोष की उत्पादनातील दोष, हे त्यावर ठरते आणि मृताच्या कुटुंबाने कोणाकडे भरपाई मागायची हेही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे आवरण नष्ट झाले तरी तांब्याच्या पट्ट्या पुष्कळदा टिकतात व त्यांवरील ठिणगीच्या खुणा वाचता येतात. मृताच्या रक्तातील कार्बन मोनॉक्साइडच्या प्रमाणावरून आग लागली तेव्हा व्यक्ती श्वास घेत होती का, याचा अंदाज येतो.

बॅटरी नियंत्रण यंत्रणेत तापमान, विद्युतदाब इत्यादींच्या नोंदी असू शकतात. वेग सोडताच मोटार स्वतःच वाहन मंदावत असल्याने मागून झालेल्या धडकेत ब्रेकचा दिवा लागला होता का, हेही तपासावे लागते. या नोंदी वाचण्याची साधने बहुतांशी उत्पादकाकडेच असतात. ज्याच्या मालावर संशय आहे त्यानेच पुरावा वाचून दाखवायचा, हा या तपासातील मूलभूत पेच आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र आवश्यक असते.

महाराष्ट्रातील घटना

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यातील लोहगाव येथे ओला कंपनीची स्कूटर पेटली. कंपनीने नंतर त्याच तुकडीतील १,४४१ स्कूटर परत मागवल्या. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये कंटेनरमधील ४० पैकी २० स्कूटरना आग लागली. या दोन्ही घटना धडकेविना घडल्या. देशभरातील अशा आगींनंतर केंद्राने टाटा नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. बॅटरी सुरक्षेच्या एआयएस-१५६ व एआयएस-०३८ या मानकांतील सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तपासात वाहनाची उत्पादन-तारीख पाहिली जाते, ती यासाठीही.