पेट्रोलच्या जीपला डिझेलचे इंजिन

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडलेली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि सरकारी खात्यांत रुजू झाली, तेव्हा तिच्या इंधनाचा खर्च खजिन्यातून भागत असे. परंतु लिलावात निघालेल्या जीपा बागायतदार आणि ठेकेदार यांच्या दारी आल्या, आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा तीच गाडी मालकास जड झाली. डिझेल स्वस्त होते. गाडी जुनीच ठेवून इंजिन तेवढे पालटण्याचा उद्योग त्यामुळे फोफावला.

हे काम वाटते तितके सुलभ नव्हते. विलीजचे २,१९९ घनसेंटिमीटरचे मूळ इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर साठ अश्वशक्ती देई. डिझेलमध्ये मात्र हवा सुमारे वीसपट दाबून तिच्याच उष्णतेने इंधन पेटवायचे असल्यामुळे इंजिनाचा ठोकळा वजनदार आणि फेऱ्या कमी. म्हणून पुढच्या स्प्रिंगांत पाटे वाढवावे लागत, युद्धकालीन सहा व्होल्टची विद्युत्‌व्यवस्था बदलून बारा व्होल्टची करावी लागे, आणि चपळ पेट्रोल-इंजिनासाठी योजलेल्या दंतचक्रांमुळे गाडी सपाटीवर मंदावे, घाटात मात्र निमूट ओढी. खरे कौशल्य इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात होते: दोहोंची भोके जुळत नसल्याने मध्ये जाड पोलादी चकती बसवावी लागे, आणि तिचा मध्य केसभर जरी ढळला तरी क्लच व बेअरिंग यांचा लवकरच निकाल लागे. लेथवर ती चकती उतरविणाऱ्या टर्नरास मी या इतिहासाचा प्रमुख कर्ता मानतो. मोटार वाहन कायद्यान्वये अशा फेरफाराची वर्दी द्यावी लागे. त्या दप्तरात इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार नोंदला जाई, टर्नरास तेथे स्थान नव्हते.

कारखानदारांनीही हीच वाट धरली. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचे इंजिन महिंद्रच्या जीपेत आले, आणि ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल-इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. ते तेथे जीपेसाठी बनत असल्याने पुढे जुन्या पेट्रोल-जीपांचे मालकही तेच पसंत करू लागले.