नाक, हात आणि दिलेला शब्द

परवा नववीच्या वर्गात वाक्प्रचारांचा तास चालू होता. ‘नाक कापले जाणे’ याचा वाक्यात उपयोग करा, असे सांगताच मुले वह्यांत डोकी घालून बसली. एवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. “सर, नाक सुंदर करायला गेलो आणि डॉक्टरांनीच ते बिघडवले, तर?” वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न काही मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता बराच लांबचा प्रवास घडला. फराळाच्या ताटाबरोबर तोच वाचकांपुढे ठेवतो.

प्रवासाची सुरुवात घरचीच आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर गेलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. जवळजवळ बारा महिने तो बिचारा बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक दिले. ही रीत मोठी चतुराईची होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे, तो कपाळावर पसरून रेघ आखायची, तेवढे कातडे सोडवून, भुवयांमध्ये एक पट्टी तशीच जोडलेली ठेवून, ते खाली वळवायचे आणि सांध्यावर आपल्या विड्यातल्या काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर पसरून चिकटवायचा! ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने लंडनमध्ये त्याच पद्धतीने नाक घडवले.

कावसजीची गरज उघड होती. पण गरज थोडी आणि हौस मोठी असेल, तर?

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात एका मुलाचा तळहात विजेच्या तारेने भाजला होता. वण राहिला, हात मात्र कामाचा होता. मुलगा अठरा वर्षांचा झाला, तेव्हा १९२२ साली एका डॉक्टरने त्याच्या छातीचे कातडे काढून तळहातावर लावले. “शंभर टक्के चांगला हात करून देतो,” असा शब्द त्याने मुलाच्या बापाला दिला होता. इतकेच नव्हे, तर ‘शस्त्रक्रिया करू द्या’ म्हणून तोच बापाच्या मागे लागला होता, असा पुरावा पुढे आला. हात सुधारण्याऐवजी बिघडला. तळहातावर छातीवरचे केस उगवले! खटला उभा राहिला. हलगर्जीपणाचा आरोप टिकला नाही, पण दिलेला शब्द टिकला. १९२९ साली वरिष्ठ न्यायालयाने ‘हॉकिन्स विरुद्ध मॅक्गी’ या निकालात सांगितले, की कबूल केलेला हात आणि पदरी पडलेला हात यांच्या मोलांतील फरक म्हणजे नुकसानभरपाई. सोसलेल्या वेदनांचे वेगळे पैसे मात्र मिळायचे नाहीत; चांगल्या हातासाठी ती किंमत मोजायला मुलगा राजीच होता.

पुढचा खटला मॅसॅच्युसेट्सचा. एका रंगमंचीय कलावतीचे नाक सरळ, पण जरा लांब होते. दोन शस्त्रक्रियांत ते शोभिवंत करण्याचे ठरले. झाल्या तीन, आणि नाक मध्यापर्यंत खचून पुढे फुगीर झाले. ज्यूरीने डॉक्टरला हलगर्जीपणातून मोकळे केले, पण वचनभंगाबद्दल १३,५०० डॉलर द्यायला लावले. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. न्यायालयाने दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. धीराच्या प्रत्येक शब्दाला करार मानले, तर डॉक्टर भीतभीतच औषध देतील. आणि शब्दाला काहीच किंमत दिली नाही, तर भोंदूंचे फावेल. म्हणून वचन दिल्याचा पुरावा स्पष्ट हवा.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरवली. २००८ साली त्याच न्यायालयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला: उपचार कोणता, त्यातील धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का, हे कळल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. नुसती सही पुरेशी नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला एवढेच सांगितले, “बाळ, परिणाम मनासारखा झाला नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा म्हणत नाही. काळजी घेतली का, खरे सांगितले का आणि काय कबूल केले, हे तो विचारतो. पण कोर्टाने रुपये दिले, तरी पहिले नाक परत देता येत नाही. म्हणून जे न्यायाधीश मागाहून विचारतो, ते आपण आधी विचारावे.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, नाक माझे नाही, ताईचे. लग्न ठरतेय ना. पाहुण्यांनी नाव ठेवले.”

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.