शाईत काय आहे?

लग्नाच्या जेवणात हल्ली ताटाशेजारी घडी घातलेला कागदी नॅपकिन असतो. त्यावर गुलाबी कमळ, मोर किंवा वधूवरांची नावे छापलेली असतात. मठ्ठ्याचा घोट घेऊन आपण त्याने ओठ पुसतो आणि एखादे वेळी ते कमळ ओठांवर उतरते. शेजारी बसलेले पाहुणे हसतात, आपणही हसतो आणि नॅपकिन बाजूला ठेवतो. पण श्रोतेहो, त्या गुलाबी डागामागे एक जुना प्रश्न आहे. या शाईत नेमके आहे तरी काय? हाच प्रश्न मुंबईत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. मात्र तेव्हा नॅपकिन नव्हता, पोथी होती.

मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या काळातले एक मोठे नाव म्हणजे गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनची छापील पुस्तके पाहून त्यांना छापखाना काढण्याची ओढ लागली. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांची हकिकत दिली आहे. गणपत कृष्णाजींनी घरीच लाकडी यंत्र तयार करवले, छपाईचा दगड मिळवला आणि शाईही स्वतः करून पाहिली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून विकायला आणले.

हा शिळाछाप होता. दगडावर स्निग्ध शाईने अक्षर काढायचे आणि बाकीचा दगड पाण्याने ओला ठेवायचा. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गोष्टीवर सारी छपाई उभी. म्हणजे शाईत स्निग्ध पदार्थ हवाच. युरोपात त्यासाठी जनावराची चरबीही वापरत. त्यामुळे सोवळ्यातल्या माणसाने छापील पोथीला हात लावावा की नाही, ही शंका अगदीच निराधार नव्हती. त्यावरचा तोडगा मोठा मजेशीर होता. तुपात तयार केलेल्या शाईने पोथ्या छापल्या गेल्या, असे मराठी मुद्रणाचा इतिहास सांगतो. आज आपल्याला याचे हसू येईल. पण त्या वाचकांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. शाई म्हणजे केवळ रंग नव्हे. तो रंग ज्यात कालवलेला असतो, तो पदार्थही पाहावा लागतो.

वर्तमानपत्राचेच उदाहरण घ्या. त्याची काळी शाई पिढ्यान्‌पिढ्या काजळी आणि खनिज तेल यांची बनत आली. ती कडक वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून तर सकाळचा पेपर वाचून झाला की बोटे काळी होतात. अशी शाई नॅपकिनवर चालायची नाही. एक तर ती अन्नाजवळ नको. दुसरे म्हणजे मऊ, विरविरीत कागदावर तेल पसरून अक्षराभोवती कडे उमटते. आणि शाई चिकट असेल तर ती कागदाचे तंतूच उपटून काढते.

असल्या कागदासाठी हवी पातळ शाई आणि हलका दाब. ती वाट इंग्लंडात लिव्हरपूलला सुरू झाली. १८९० साली बिबी, बॅरन आणि सन्स या कारखान्याने कागदी पिशव्या छापण्यासाठी एक यंत्र उभारले. शाई पाण्याची होती, पण ती पुसली जाई, फासली जाई. लोकांनी त्या यंत्राला 'बिबीचा वेडेपणा' म्हणून हिणवले. पुढे जर्मनीत रबरी ठसे आणि ॲनिलिन रंगांची शाई वापरून ही पद्धत मार्गी लागली. ॲनिलिन रंगांचा उगम डांबरात. विल्यम पर्किन या तरुणाने १८५६ साली लंडनमध्ये पहिला असा जांभळा रंग तयार केला होता. हे रंग झळझळीत आणि स्वस्त असल्याने छपाईलाही नाव पडले 'ॲनिलिन छपाई'.

ही छपाई अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर भराभर पसरली. १९४० च्या दशकात मात्र तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ॲनिलिन रंग अशा वेष्टनांना अयोग्य ठरवले. कारखानदारांनी सुरक्षित शाया आणल्या, १९४९ मध्ये त्यांना मान्यताही मिळाली. तरी गिऱ्हाईक बिचकतच राहिले, कारण नावात 'ॲनिलिन' होते! अखेर फ्रँकलिन मॉस या उद्योजकाने १९५१ मध्ये नव्या नावासाठी सूचना मागवल्या. दोनशेहून अधिक नावे आली, मतदान झाले आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये 'फ्लेक्सोग्राफी' हे नाव जाहीर झाले. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असा हा प्रकार नव्हता. इथे आधी शाई बदलली आणि बारसे मागाहून झाले.

आज नॅपकिन बहुधा याच पद्धतीने छापतात. शाई पुन्हा पाण्याचीच, पण बिबीच्या वेळची नव्हे. तिच्यात रंगाची न विरघळणारी बारीक पूड असते. सोबतची राळ अमोनियासारख्या अल्कामुळे पाण्यात विरघळते. छापल्यावर अमोनिया उडून जातो, राळ कागदाला घट्ट धरते आणि पुन्हा पाणी लागले तरी सहसा सुटत नाही.

घरी याची परीक्षा करता येते. पांढऱ्या फडक्याची तीन टोके घ्या. एक पाण्यात, एक व्हिनेगरमध्ये, एक गोडेतेलात भिजवा आणि छापील भागावर थोडा वेळ दाबून धरा. रंग उतरला तर तो नॅपकिन ओठांसाठी नाही, आणि भजी निथळायला तर नाहीच नाही.

पण रंग उतरला नाही म्हणजे सारे निर्धोक, असेही समजू नका. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधाचा लक्षावधी लिटर साठा जप्त झाला. खोक्यावरची शाई अतिनील किरणांनी वाळवण्यासाठी घातलेले रसायन दुधात सापडले होते. गुंडाळी करताना कागदाची छापील बाजू आतल्या बाजूला टेकली, तेवढे पुरले. आढळलेल्या प्रमाणात ते चिंताजनक नसल्याचे युरोपीय तज्ज्ञांनी पुढे सांगितले. पण दुधात डाग दिसला नव्हता, वासही आला नव्हता, ही गोष्ट उरतेच.

आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याविरुद्ध सूचना काढली. २०१८ च्या नियमांत त्याला मनाई झाली आणि खाद्यवेष्टनांच्या शाईसाठी भारतीय मानक १५४९५ लागू झाले. तरी वडापावाची पुडी पेपरातच बांधलेली अजून दिसते.

नॅपकिन छापून घेताना आपण रंग विचारतो, भाव विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा, की ही शाई अन्नाला लागली तर चालेल का? पोथी हाती घेण्यापूर्वी आपल्या पणजोबांच्या पिढीने शाईची चौकशी केली होती. आपण तर ओठ पुसतो आहोत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)