ई-मेल यादी व लघुव्यवसायाचे विपणन

आपल्या मालाविषयी वा सेवेविषयी पत्र यावे अशी इच्छा ज्या व्यक्तींनी स्वतः होऊन प्रकट केली आहे, त्यांच्या ई-मेल पत्त्यांची तपशीलवार नोंद ठेवणे, ती नोंद सचोटीच्या मार्गाने वाढवीत नेणे आणि तिच्या आधारे ग्राहकांशी पत्ररूपाने संबंध राखून विक्री साधणे, या तिन्ही व्यवहारांचा समावेश प्रस्तुत विषयात होतो. वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी यांतील जाहिरातींचा खर्च ज्यास पेलत नाही अशा छोट्या दुकानदारास, गृहोद्योग चालविणाऱ्या स्त्रीस, बागायतदारास किंवा ग्रंथप्रकाशकास हे साधन विशेष सोयीचे आहे. कारण दर पत्रामागे येणारा खर्च अत्यल्प असतो, आणि समाजमाध्यमांवर आपला मजकूर किती जणांपुढे जावा याचा निर्णय जसा त्या त्या माध्यमाच्या चालकांच्या हाती असतो, तसा तो येथे नसतो. पत्रे पाठविणारी सेवा बदलली तरी यादी एका साध्या फाइलच्या रूपाने उचलून दुसरीकडे नेता येते. मात्र यादी व्यावसायिकाच्या दफ्तरी असली तरी तिच्यातील पत्त्यावर लिहिण्याची मुभा ही ग्राहकाने दिलेली असते व वाटेल तेव्हा ती परत घेण्यास तो मुखत्यार असतो. या विषयातील बहुतेक तंत्रे आणि कायदे या एकाच गोष्टीतून उद्भवले आहेत.

ग्राहकांच्या पत्त्यांवरून व्यापार करण्याची वहिवाट ई-मेलहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत शिकागो येथे अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये एका पानाची किंमतयादी काढून शेतकरी कुटुंबांस टपालाने माल विकण्यास आरंभ केला. हिंदुस्थानात टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. ची, म्हणजे माल हाती घेताना किंमत चुकती करण्याची, सोय सुरू केली. मराठी नियतकालिकांचा आणि ग्रंथमालांचा संसार तर वर्गणीदारांच्या नोंदवहीवरच उभा होता; पत्ता बदलल्यास कळविण्याची विनंती, वर्गणी संपत आल्याची सूचना आणि व्ही. पी. परत न करण्याविषयीचे आर्जव ज्या व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षे अंकांतून छापले, त्यांना आजच्या ई-मेल यादीची देखभाल मुळीच परकी वाटली नसती.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या अमेरिकी संगणकजालावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठविण्याची व्यवस्था सिद्ध केली आणि पत्त्यात ‘अ‍ॅट’ हे चिन्ह रूढ केले. व्यापारी हेतूने एकाच वेळी अनेकांस पत्र धाडण्याचा सुप्रसिद्ध आद्य प्रयोग मे १९७८ मधील आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनविणाऱ्या कंपनीतील गॅरी थुर्क यांनी नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकास येण्याचे निमंत्रण पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे ४०० अर्पानेट वापरकर्त्यांस पाठविले. पत्ते छापील निर्देशिकेतून उतरवून घेतले होते. ते इतके झाले की पत्त्यांसाठी राखलेल्या जागेत न मावता त्यांतील पुष्कळसे खाली पत्राच्या मजकुरात उतरले, आणि निमंत्रण वाचण्यापूर्वी नावांची ती लांबलचक रांग ओलांडणे वाचकांस भाग पडले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या जालाचा असा उपयोग झाल्याबद्दल तक्रारी आल्या व कंपनीस ताकीद मिळाली. या प्रयोगामुळे यंत्रांची मोठी विक्री झाली असे थुर्क पुढे सांगत असत, आणि ते अशक्य नाही. परंतु न मागता आलेल्या पत्राने विक्री होते तेव्हाही तिची किंमत तिऱ्हाइतांच्या त्रासातून वसूल झालेली असते, ही बाब त्या पहिल्याच प्रसंगी उघड झाली. पुढे १९९९ मध्ये सेथ गोडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’ या ग्रंथात ग्राहकाच्या पूर्वसंमतीवर आधारलेल्या विपणनाचा पक्ष सविस्तर मांडला, आणि यादी बांधण्याच्या आजच्या विचाराची घडण बऱ्याच अंशी त्या मांडणीवर झाली आहे.

यादी कशी वाढते हे कोकणातील आंब्याच्या व्यापारावरून चांगले समजते. देवगड वा रत्नागिरीच्या ज्या बागायतदाराने आपला हापूस वाशीच्या बाजारसमितीतील आडत्यामार्फत न विकता मुंबई-पुण्याच्या घरांपर्यंत थेट पोचवायचे ठरविले आहे, त्याचा सारा व्यवहार मार्च ते मे या अल्प हंगामात उरकतो आणि उरलेल्या काळात गिऱ्हाईक त्याला विसरते. त्याच्यासाठी यादीत नाव येण्याची सर्वांत उत्तम वेळ म्हणजे पेटी घरी उघडली जाते ती. कच्ची फळे गवतात कशी मांडावी, अढी कितव्या दिवशी तपासावी, फळ तयार झाल्याची खूण कोणती, हे सांगणारी छापील चिठ्ठी पेटीत घातली आणि पुढच्या हंगामाची वर्दी हवी असल्यास नाव नोंदविण्यासाठी तिच्यावर क्यूआर कोड दिला, तर नोंदणी करणारा मनुष्य फळ चाखलेला असतो. जाहिरात पाहून कुतूहलाने आलेल्या दहा नावांपेक्षा असे एक नाव मोलाचे. प्रदर्शनातील मांडणीवर ठेवलेली वही, मागणीपत्राच्या तळाशी असलेला रिकामा चौकोन, संकेतस्थळावरील छोटा अर्ज ही नोंदणीची आणखी काही सर्वमान्य स्थाने होत. चौकोन आधीच खूण करून ठेवणे मात्र गैरवाजवी आहे, कारण तेथे ग्राहकाने होकार दिलेला नसून केवळ नकार द्यायचा राहिलेला असतो.

नोंदणीच्या मोबदल्यात काहीतरी उपयुक्त देण्याची प्रथा आहे. बहुतेक जण पहिल्या खरेदीवर सूट देतात. सूट देण्यास हरकत नाही, परंतु तेवढ्यासाठीच आलेली नावे सूट घेऊन निघून जातात असा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि म्हणून ज्ञान देणारी भेट अधिक टिकाऊ ठरते: रोपवाटिकेने महिनावार बागकामाचे टिपण द्यावे, शिवणकाम शिकविणाऱ्या बाईंनी मापे घेण्याचा तक्ता द्यावा. पत्ता मिळताच त्यावर एक पत्र धाडून त्यातील दुवा दाबल्यानंतरच नाव कायम करणे, या रीतीस दुहेरी संमती म्हणतात. तिच्यामुळे काही नावे अर्ध्यावर गळतात हे खरे. परंतु चुकीचे लिहिलेले व दुसऱ्याच कोणाचे पत्ते यादीत शिरत नाहीत, आणि संमती केव्हा मिळाली याचा दाखला दफ्तरात राहतो.

हजारो पत्त्यांच्या तयार याद्या विकणारे दलाल लघुव्यावसायिकास हटकून भेटतात. त्या कधीही घेऊ नयेत. अशा यादीतील लोकांनी या व्यावसायिकास कोणतीही संमती दिलेली नसते, आणि एकास दिलेली संमती दुसऱ्यास विकता येत नाही. शिवाय तीत बंद पडलेले पत्ते असतात, तसेच अनाहूत पत्रे पाठविणाऱ्यांना हुडकण्यासाठी मुद्दाम पेरून ठेवलेले पत्तेही असतात. त्यांवर पत्र गेले की पाठविणाऱ्याचे नाव स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या निषिद्ध सूचीत चढण्याचा धोका असतो, आणि मग ज्यांनी खरोखर पत्र मागितले होते अशा जुन्या गिऱ्हाइकांसही ते पोचत नाही. आपल्याकडे याहून नित्य आढळणारी चूक म्हणजे सर्व ग्राहकांचे पत्ते एकाच पत्राच्या मथळ्यात उघडे लिहून ते रवाना करणे. त्यायोगे प्रत्येकाचा पत्ता इतर सर्वांच्या हाती जातो. हे टाळण्यासाठी व नोंदी व्यवस्थित राहण्यासाठी स्वतंत्र सेवा वापरणे श्रेयस्कर. अटलांटा येथे २००१ मध्ये सुरू झालेली मेलचिंप आणि चेन्नईच्या झोहो कंपनीची झोहो कॅम्पेन्स ही अशा सेवांची परिचित उदाहरणे आहेत.

पत्रात काय लिहावे हा प्रश्न तंत्राहून अवघड आहे, कारण तेथे व्यावसायिकाची स्वतःच्या कामावरील प्रीती दिसावी लागते. वर उल्लेखिलेल्या बागायतदाराने जानेवारीत मोहोर कसा आला हे कळवावे, थंडी लांबली असल्यास किंवा तुडतुड्याने नुकसान केले असल्यास तेही लपवू नये. मार्चमध्ये पहिल्या पेट्यांचा भाव, फळाचे वजन आणि घरपोच देण्याच्या तारखा स्पष्ट द्याव्यात. फळांत साका निघाल्यास भरपाई कशी मिळेल हे ग्राहकाने विचारण्याआधीच लिहावे. आणि जूनमध्ये हंगाम आटोपल्यावर आंबापोळी व कोकम शिल्लक असल्याची वर्दी द्यावी. अशी पाचसहा पत्रे वर्षाला पुरेत. बेकरीस किंवा पुस्तकांच्या दुकानास महिन्यातून दोनदा लिहिणे शोभते, आणि लेखापालास विवरणपत्रे भरण्याच्या मुदतींच्या आधी लिहिले तरी भागते. पत्राचा विषय मजकुराशी प्रामाणिक असावा, विनंती एकच असावी आणि खाली लिहिणाऱ्या माणसाचे नाव असावे. यादी वाढल्यावर तिचे विभाग पाडणे इष्ट होय: गतवर्षी पेटी घेतलेले, फक्त चौकशी केलेले, आणि स्वतः परदेशी राहून पुण्यातील आईवडिलांकडे पेटी पाठविण्यास सांगणारे, या तिघांस एकच पत्र लागू पडत नाही. या तिसऱ्या वर्गाशी वेळेच्या फरकामुळे दूरध्वनीवर बोलणे जमत नाही आणि ई-मेलच सर्वांत उपयोगी पडतो.

पत्र प्रत्यक्ष पोचावे यासाठी व्यावसायिकाचे स्वतःचे डोमेन असणे आता जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. त्या डोमेनच्या वतीने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे हे एसपीएफ या नोंदीने जाहीर होते, डीकेआयएममुळे पत्रावर पडताळता येणारी अंकीय स्वाक्षरी उमटते, आणि या कसोट्यांत न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे याचा निर्देश डीमार्क करते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांस हे दाखले सक्तीचे केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास ५,००० वा अधिक पत्रे धाडणाऱ्यास जाहिरातीच्या पत्रात एका टिचकीने नाव काढण्याची सोय द्यावी लागते व स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. लहान यादीवाल्यास ती संख्या लागू नसली तरी याच मापाने वागण्यात त्याचे हित आहे. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर पूर्वी फार भिस्त असे. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची जी व्यवस्था आणली, तिच्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाऊ लागले. यास्तव दुव्यांवरील टिचक्या, आलेली उत्तरे आणि झालेली विक्री यांवरूनच पत्राचे मोल ठरवावे.

कायद्यांची दृष्टी देशपरत्वे भिन्न आहे. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पूर्वसंमतीचा आग्रह धरीत नाही. फसवा विषय लिहू नये, टपालाचा खरा पत्ता द्यावा आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत अमलात आणावी, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. युरोपीय संघात पूर्वसंमती हा सामान्य नियम आहे, आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या विनियमाने संमतीची व्याख्या काटेकोर केली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी लागते, ती स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी लागते, आणि ती परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे लागते. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकास देण्याचे बंधनही त्यात आहे. नोंदणीचा अर्ज स्वच्छ मराठीत लिहिण्यास हे एक कायदेशीर कारणच होय.

महाराष्ट्रातील छोट्या व्यापारात रोजची चौकशी, भावाची घासाघीस आणि मागणी हा व्यवहार आज मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, व तेथे ई-मेलने त्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ई-मेलचे क्षेत्र निराळे आहे: लांब मजकूर, हंगामाचे वेळापत्रक, बिले व पावत्या, कार्यालयांकडून येणाऱ्या दिवाळीभेटींच्या घाऊक मागण्या, नव्या ग्रंथाची प्रकाशनपूर्व सवलत, आणि महिन्यांनंतर शोधून पुन्हा वाचावे असे काहीही. या कामांसाठी राखलेली यादी मात्र वेळोवेळी छाटावी लागते: ज्यांच्याकडून दोन हंगामांत उत्तर वा मागणी आलेली नाही, अशांना ‘यापुढेही पत्र हवे आहे काय’ असे एकदा विचारावे आणि होकार न आल्यास ते नाव यादीतून काढून टाकावे.